रिकामे फुगे

वावटळीचा जन्म झाला तेव्हा तिला नाक नव्हतं. करुणाताईला नाक काढता येत नसे. डोळे झकास यायचे, केस तर असे यायचे की बघत राहावं, पण नाकाशी आली की तिची पेन्सिल अडायची. दोनदा काढून दोनदा खोडायची, कागदाला भोक पडायची वेळ यायची, मग वैतागून म्हणायची, "जाऊ दे, उडणाऱ्या पोट्टीले नाक कायले लागते?" मी तेव्हा सहावीत होते आणि ताई नववीत. शतक बदलणार, दोन हजार साल लागणार म्हणून जिकडेतिकडे बोलणं चालू होतं. जग बुडणार असंही कोणी कोणी छातीठोकपणे सांगत होतं. आणि गोंदियाजवळच्या फुलचूरला आमच्या दोन खोल्यांमध्ये एक बिननाकाची पोरगी स्वतःभोवती गरागरा फिरत छपराच्या कवेलूंतून वर निघून जात होती. तिचं नाव मी ठेवलं, वावटळ. चित्रं ताईची आणि शब्द माझे, असा आमचा करार होता. या कराराबद्दलच मला आज लिहायचं आहे. बाकी लहानपण सगळ्यांचं असतं तसंच माझंही होतं.

बाबांच्या तोंडी प्रज्ञा, शील, करुणा हे तीन शब्द कायम असत. थोरलीचं नाव त्यांनी करुणा ठेवलं, माझं प्रज्ञा, आणि शील हे नाव मुलासाठी राखून ठेवलं. तो काही आला नाही, नाव तसंच पडून राहिलं. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलत. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवया कोंड्याने पांढुरक्या झालेल्या असत आणि माय त्यांना उंबऱ्याबाहेरच अंग झटकायला लावी. माय बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, हातात कात्री. पत्र्याचा मापाचा तुकडा पानावर ठेवून ती पान कापायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायची आणि दोऱ्याचे दोन वेढे देऊन मोकळी व्हायची. तिचं बोटांकडे लक्षही नसायचं. ती आमच्याकडे बघून बोलायची आणि बोटं आपली चालू. कात्रीचा तो कचकच आवाज दिवसभर घरात असे, तो थांबला तरच आम्ही मान वर करून बघायचो. मधून मिलचा भोंगा, लांबून मालगाडीचे डबे जोडल्याचा दणका. जेवायला भात आणि लाखोळीची डाळ, बाजाराच्या दिवशी सुक्या झिंग्यांची चटणी. झिंगे भाजायला लागले की ताई नाक धरून बाहेर पळायची आणि जेवायला मात्र सगळ्यांत आधी बसायची. मायला अक्षरओळख नव्हती. अंगठ्याऐवजी सही करायला बाबांनी तिला शिकवलं होतं, पण तीसुद्धा ती चित्र काढल्यासारखी काढायची. घरात आलेला प्रत्येक कागद वाचून दाखवणं हे माझं काम होतं आणि त्याचा मला तोरा होता. तो तोरा पुढे किती महाग पडला ते सांगायला वेळ आहे.

गोंदियाच्या बाजारात एका बोळात चाचांचं दुकान होतं. बाहेर दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी कॉमिक्स टांगलेली असत. ती विकत कोणीच घेत नसे, भाड्याने न्यायची आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायची. चाचा प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचे, "कल लाना, और मोड़ना मत." सगळी हिंदीत. त्यात पुरुष उडायचे, इमारती उचलायचे, आगीतून चालायचे. पोरी असायच्या, पण खांबाला बांधलेल्या. त्यांच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यात एकच शब्द असायचा, बचाओ. ताईचा संताप व्हायचा. "एवढी मोठी घोडी, स्वतःची गाठ सोडता येत नाई हिले?" असं ती चित्रातल्या बाईला म्हणायची. एकदा तिने चाचांना विचारलं, "चाचा, लड़की हीरो वाली नहीं है क्या?" चाचांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "लड़की हीरो बनेगी तो हीरो क्या करेगा बेटा, रोटी बेलेगा?" दुकानातली सगळी पोरं हसली. ताई तडक बाहेर पडली. घरी आली, गेल्या वर्षीच्या वह्यांची उरलेली कोरी पानं फाडली, मायचा बिडीचा दोरा घेऊन ती शिवली आणि पहिल्या पानावर बिननाकाची वावटळ काढली.

आमची कामाची पद्धत ठरलेली होती. ताई पेन्सिलीने चौकोन आखायची, चौकोनांत चित्रं काढायची आणि ज्याच्या त्याच्या तोंडाशी रिकामा फुगा काढून ठेवायची. काय घडतंय ते ती मला सांगत नसे. चित्र बघून मी समजायचं आणि फुगे भरायचे. भरून झालं की ती सगळ्या रेघा निळ्या पेनने पक्क्या करायची, आणि एकदा पेन फिरलं की मग बदल नाही. निबंधात माझा पहिला नंबर यायचा, म्हणून शब्दांच्या बाबतीत माझं वाक्य शेवटचं. मी नियमही केले होते. वावटळ पंधरा वर्षांची, तिचं वय वाढणार नाही. वावटळ कोणाची मदत मागणार नाही. वावटळ रडणार नाही. ताईने एखाद वेळी तिच्या डोळ्याखाली थेंब काढलाच तर मी तो रबराने पुसून टाकायची आणि ताई म्हणायची, "बरं बाई, तू म्हणशील तसं."

पण वय नाही वाढलं तरी वावटळ बदलत गेली. पहिल्या वहीत ती अर्ध्या चड्डीत होती आणि पाठीवर मायच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा उडत होता. शेजारच्या शेवंताकाकूंनी ती वही बघितली. "हे का काढून राहिली वं? ओढणी कुठी हाय पोट्टीची?" ताई तेव्हा दहावीत गेली होती आणि तिच्याही खांद्यावर ओढणी आली होती. दुसऱ्या वहीत वावटळीला ओढणी मिळाली. पण ताई ताईच. ती ओढणी बारा हात लांब व्हायची, चोरांच्या पायात गुंतायची, पुलावरून पडणारी बस धरून ठेवायची. त्याच वहीत एक दिवस अचानक नाक जमलं. ताई अंगणात नाचली. तिसऱ्या वहीत वावटळ दिवसा बिड्या वळू लागली, कारण ताई गणितात नापास झाली, पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली आणि मायच्या शेजारी सूप घेऊन बसली. चौथ्या वहीत आठ तोंडांचा एक राक्षस आला, तो घरोघर जाऊन पोहे खायचा आणि प्रत्येक तोंडाने विचारायचा, "स्वयंपाक येते का?" त्या महिन्यात ताईला बघायला दोन घरचे लोक येऊन गेले होते. मी तो फुगा भरताना हसून हसून लोळले. ताईही हसली. तिसऱ्या घरच्या लोकांनी पसंत केलं.

आताच्या मुलींना सगळं तयार मिळतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. परवा सातवीतल्या एकीने मला तिच्या मोबाईलवर एक उडणारी मुलगी दाखवली, ओढणीबिढणी नाही, चिलखत घातलेली, आणि म्हणाली, मॅडम, ही कोणालाच घाबरत नाही. मी बरं म्हणाले. मला वर्गातून बाहेर जावं लागलं. चाचांचं दुकान केव्हाच गेलं, तिथे मोबाईलचे कव्हर मिळतात.

लग्न विहारात झालं. ताई पांढऱ्या साडीत उंच दिसत होती. गाव तिरोड्याच्या बाजूला, बसने दोन तासांचं, पण बस दिवसातून दोनदाच. भाऊजींचा ट्रॅक्टर होता, घर पक्कं होतं, माय शेजारणींना घराच्या खोल्या सांगत होती. निघताना ताईने पेटीत कोरी वही ठेवली ती फक्त मी पाहिली. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मी चित्रं धाडीन, तू फुगे भरजो. बंद नाई करायचं." मी म्हटलं, बंद कशाला करू. मी तेव्हा अकरावीत होते. सतरा वर्षांच्या पोरीला स्वतःपेक्षा शहाणं कोणी दिसत नाही.

घरात फोन नव्हता. दर महिन्याला भाऊजींच्या अक्षरात एक पोस्टकार्ड यायचं, आम्ही सर्व खुशाल आहोत, करुणाही खुशाल आहे. मी ते मोठ्याने वाचायची आणि माय कात्री थांबवून ऐकायची. आणि पोस्टकार्डाशिवाय कधीतरी ताईचं पाकीट यायचं. त्यात पत्र नसायचं, फक्त वावटळीचं पान. पाकीट आधीच उघडलेलं असायचं, भाताची शितं लावून पुन्हा चिकटवलेलं. डिंक नसेल त्यांच्याकडे, असं मी समजले. एवढं समजायलाही काही अक्कल लागते असं नाही, पण मी तेही वेगळंच समजले. तिची चिठ्ठी ते लोक जाऊ देत नव्हते. पोरीबाळींची चित्रं, त्यात कुठे एक अक्षर नाही, तेवढी जाऊ देत होते.

पहिल्या पानावर एक मोठं घर होतं आणि कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा लावलेली राक्षसीण. वावटळ घराच्या आत होती. मी झकास फुगे भरले, राक्षसिणीच्या तोंडी भलत्याच शिव्या घातल्या आणि परत पाठवून दिलं. ताईने पेनने पक्कं करायचं आणि पेटीत ठेवायचं, असं ठरलं होतं. दुसऱ्या पानात पंगत बसली होती, सगळ्यांच्या ताटांत डोंगराएवढा भात आणि वावटळ भिंतीशी रिकामं ताट घेऊन उभी. तिच्या तोंडाशी मोठा फुगा. मी त्यात लिहिलं, "वावटळीला भूक लागत नाही, ती वाऱ्यावर जगते!" हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते मैत्रिणींना वाचून दाखवलं. तिसऱ्या पानात प्रत्येक चौकोनात वावटळीच्या गालांवर थेंब होते. एक नाही, दोन नाही, ओळीने. मी रबर घेतलं आणि सगळे पुसले. गाल काळपट झाले. समासात लिहिलं, "ताई, नियम विसरलीस."

मायने विचारलं होतं. प्रत्येक वेळी विचारायची. पाकीट दिसलं की तिची बोटं थांबायची. "का धाडलं वं करुणानं?" मी पान वहीत घालत म्हणायची, "काही नाही, आमचं कॉमिक्स आहे. बरी आहे ती." "तसं लिवलं का तिनं?" "हो." कोणी काही लिहिलं नव्हतं. घरचा कागद वाचणारी मी होते, मी म्हणेन तेच त्यात होतं. माय पुन्हा पान कापायला लागायची.

चौथ्या पानाच्या वेळी मी रागावले. रेघा वाकड्या, चौकोन तिरपे, चेहरे ओळखू येत नव्हते. नाक तर पुन्हा गेलं होतं. आणि वावटळ प्रत्येक चौकोनात एकच हात बाहेर ठेवून उभी, दुसरा ओढणीत गुंडाळलेला. मला वाटलं, कंटाळा करून राहिली, दुसरा हात काढायचा आळस. बारावीचं वर्ष, माझ्याही मागे कामं होती. मी फुगे भरले आणि खाली लिहिलं, "पाचवीतल्या पोरीसारखं काढलंस. वावटळीला दोन हात आहेत, विसरलीस का?"

दसऱ्याला ताई आली. दोन दिवस, भाऊजी बरोबर होते, आणि ते तिच्यापासून हलले म्हणून नाहीत. बाबांना केवढं कौतुक, की जावई किती जीव लावतो. मायने झिंग्यांची चटणी केली होती. ताईने नाक धरलं नाही आणि आधी येऊन बसलीही नाही, सगळ्यांचं झाल्यावर डाव्या हाताने चार घास खाल्ले. उजवा पदराखाली. मायने विचारलं तर भाऊजीच म्हणाले, "पडली होती मळ्यात. मुरगळला जरासा. आता बरं आहे." मग ताई म्हणाली, "हो, बरं हाय." मी तिच्याशी एकटीने बोलायला म्हणून चुलीपाशी गेले आणि बोलले काय, तर, "चित्रं किती बिघडली तुझी." ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ बघत राहिली की मला अवघडल्यासारखं झालं. मग म्हणाली, "डाव्या हातानं काढतो ना मी." मी म्हटलं, "मग हात बरा झाला की काढ. घाई काय आहे?" बाहेरून भाऊजींनी हाक मारली आणि ती गेली. तिला तेवढी एक संधी होती. ती तिने मला सांगण्यात घालवली, आणि मी घाई काय आहे म्हणाले.

आम्ही शाळेत चित्र पाहून गोष्ट लिहायला सांगतो. पोरं फार सुंदर गोष्टी रचतात, जंगलं, राजे, वाघ. मागे एका परीक्षेत चित्रात विहिरीवर पाणी भरणारी बाई होती. एका मुलीने एकच ओळ लिहिली होती, बाई थकली आहे. बाकी शिक्षकांनी तिला दोन गुण दिले होते. मी ते खोडून दहापैकी दहा केले, त्यावरून मुख्याध्यापकांशी माझं भांडण झालं.

शेवटचं पाकीट थंडीत आलं. पानभर एकच चौकोन होता. डाव्या हाताच्या थरथरत्या रेघांचं एक दार, सताड उघडं. दारातून एक वाट बाहेर जात होती, वाटेच्या टोकाला कवेलूंची दोन खोल्यांची एक खोपटी, आणि तिच्या अंगणात काहीतरी मांडीवर घेऊन बसलेली एक बाई, अगदी बारीक. वावटळ उंबऱ्यावर उभी होती. एक पाय आत, एक बाहेर. ती वाटेकडे बघत नव्हती. ती सरळ कागदातून बाहेर, माझ्याकडे बघत होती. तोंडाशी एक फुगा, रिकामा.

मी ते पान दुपारी उघडलं. समोर रसायनशास्त्राचं पुस्तक होतं. मला वाटलं, गोष्ट संपवायला निघाली. राक्षसिणीचा वध राहिला आणि ही बाई निघाली घरी. अशी कुठे गोष्ट असते? मी पाच मिनिटंही विचार केला नाही. फुग्यात सुंदर अक्षरात लिहिलं, "वावटळ लढाई सोडून पळत नाही." खाली दोन रेघा मारल्या. पाकीट बंद केलं आणि ट्यूशनला जाताना टपालपेटीत टाकलं. टाकल्यावर पाकीट आत पडल्याचा आवाज आला की नाही हे बघायची मला सवय होती. आवाज आला.

पंधरा-वीस दिवसांनी शेवंताकाकूंच्या फोनवर निरोप आला. दुपारची वेळ होती, बाबा मिलमध्ये होते, मी बोलवायला धावले. आम्ही पोचलो तेव्हा ताईला ओसरीत ठेवलं होतं. केस ओले होते. तिच्या सासूने सांगितलं, विहिरीवर पाण्याला गेली, पाय घसरला. भाऊजींनीही तेच सांगितलं, गावातल्या दोघा-तिघांनीही तेच सांगितलं, तेच शब्द, त्याच क्रमाने. कागदावर अपघात असं लिहिलं गेलं आणि बाबांना जिथे सांगितली तिथे त्यांनी सही केली. पोती उचलणारा माझा बाप, त्याच्या हाताने पेन उचलत नव्हतं. सगळे घरात असताना मी विहिरीवर जाऊन आले. मी ताईपेक्षा चार बोटं उंच होते. त्या विहिरीचा काठ माझ्या छातीला लागत होता.

कोणी ढकललं की ती स्वतः चढली, मला माहीत नाही. इतकी वर्षं झाली, मी दोन्ही बाजूंनी रोज विचार करते आणि मला माहीत नाही. बाबांनी नंतर दोन वेळा ठाण्यात चकरा मारल्या, तिसऱ्या वेळी गेले नाहीत. भाऊजींनी दुसरं लग्न केलं. मी बारावीला बसले आणि पास झाले, मराठीत शाळेत पहिली आले. निबंधाचा विषय काय होता ते मी कोणाला सांगत नाही.

ताईची पेटी आम्ही त्याच दिवशी बसवर टाकून आणली होती. घरात कोपऱ्यात पडून होती, कोणी तिला हात लावत नव्हतं. ताईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माय सुपाऐवजी ती पेटी पुढ्यात घेऊन बसली. दोन साड्या निघाल्या, एक ब्लाउज, लग्नातला फोटो, आणि खाली बिडीच्या दोऱ्याने शिवलेली पानं. मी झटकन पुढे झाले. "ते राहू दे माय, ते आमचं कॉमिक्स आहे." मायने माझा हात बाजूला केला. जोराने नाही, माशी वारतात तसा.

ती पहिल्या पानापासून बघू लागली. अक्षरं तिला येत नव्हती, त्यामुळे मी लिहिलेले फुगे तिच्यासाठी नव्हतेच. माझे विनोद, माझ्या शिव्या, वाऱ्यावर जगते, काहीच तिच्या मध्ये येत नव्हतं. ती एका चौकोनावरून दुसऱ्यावर बोट नेत होती. किल्ल्यांच्या जुडग्यापाशी थांबली. रिकाम्या ताटापाशी फार वेळ थांबली. पुसलेल्या गालांवरून तिने अंगठा फिरवला आणि उन्हाकडे कागद धरून बघितलं. पेन्सिलीचे थेंब खरवडले गेले होते, खुणा राहिल्या होत्या. "हे कोणं पुसलं?"

"मी."

तिने पान उलटलं. पुढच्या पानावर ओढणीत गुंडाळलेल्या हातावर तिचं बोट टेकलं. "हे कोण होय?"

"वावटळ."

"नाई," माय म्हणाली. "हे करुणा होय. हात मोडला हाय तिचा. मुरगळला नाई, मोडला हाय. बघ कशी धरून राहिली."

मग शेवटचं पान आलं. ते ताईने पेनने पक्कं केलेलं होतं. दार, वाट, खोपटी, अंगणातली बाई, सगळ्या रेघांवरून डाव्या हाताने निळं पेन फिरलं होतं, कुठे कुठे कागद फाटला होता. म्हणजे माझं पाकीट तिला मिळालं होतं. तिने ते वाचलं होतं. मी लिहिलेलं तिला मान्य होतं, आमच्या करारात त्याचा तोच अर्थ होता. मायला यातलं काही माहीत नव्हतं. ती अंगणातल्या त्या बारीक बाईकडे बघत होती, तिच्या मांडीवरच्या सुपाकडे.

"ह्या फुग्यात का लिवलं हाय?"

मी वाचून दाखवलं. ताईचं पान मी तिला पहिल्यांदाच जसं होतं तसं वाचून दाखवलं.

"हे करुणानं लिवलं?"

"नाही. मी लिहिलं. तिने मोकळा ठेवला होता."

घरात कात्रीचा आवाज नव्हता. मायने ते पान माझ्यापुढे धरलं, उंबऱ्यावरच्या त्या दोन पायांवर बोट ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात, मला धडा समजावून सांगावा तशी म्हणाली, "येऊ का म्हणून इचारून राहिली होती ते."

मी खाली बघत होते.

"मले काऊन नाई दाखवलं, प्रज्ञा?"

तुला वाचता येत नाही म्हणून, हे त्याचं खरं उत्तर होतं. माय त्यानंतर अकरा वर्षं जगली. मी ते उत्तर तिला दिलं नाही.